नळीचा लेप

मनुष्याने शस्त्र निर्माण केले ते शत्रूच्या अथवा श्वापदाच्या निवारणार्थ, असे क्रमिक पुस्तके आजवर सांगत आली आहेत. परंतु गोंदिया जिल्ह्यातील आमच्या सौंदडला आणि त्याच्या आसमंतातील खेड्यांत ज्या काही परवान्याच्या बंदुका आजमितीस शिल्लक आहेत, त्यांच्या दिनक्रमाचे कोणी पूर्वग्रहरहित बुद्धीने निरीक्षण करील, तर बंदूक ही वस्तू मुळात पुसण्याकरिता निर्माण झाली असून तिच्यातून गोळी सुटते हा केवळ एक आनुषंगिक आणि बराचसा गैरसोयीचा गुणधर्म आहे, या निष्कर्षावाचून त्याला गत्यंतर उरणार नाही.

याचे कारण जितके कायद्यात आहे तितकेच हवामानातही आहे. नागपूरहून रायपूरकडे धावणारा महामार्ग आणि गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग जेथे एकमेकांना भेटतात तेथे सौंदड वसले आहे. परंतु या दोन्ही मार्गांनी जे जे येते ते बहुधा पुढे निघून जाते, आणि मुक्कामाला राहतो तो एकटा ओलावा. चुलबंद नदीचे खोरे, बांध्याबांध्यांतून साचलेले धानाचे पाणी, कोहळी मंडळींनी कित्येक पिढ्यांपूर्वी बांधून ठेवलेले आणि आता सरकारी दप्तरात माजी मालगुजारी म्हणून नोंदलेले तलाव, आणि मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत भिंतींना घाम फोडणारी हवा, इतका सरंजाम जय्यत असताना लोखंडाने गंजू नये अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे लोखंडाच्या स्वभावाविषयी अज्ञान प्रकट करणे होय. अडकित्ता गंजला तर सुपारी जाड पडते, एवढ्यावर भागते. बंदूक गंजली तर मात्र गृहस्थाची अब्रू जाते, कारण ती काही गृहस्थाची एकट्याची नसते. तिच्यावर क्रमांक असतो, त्या क्रमांकाची नोंद जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या दप्तरी असते, आणि परवान्याच्या नूतनीकरणाचे वेळी ती हजर करावयाची असते.

एके काळी या मुलखात बंदुकीला पुसण्याव्यतिरिक्तही काम असे. गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता आणि भंडारा मध्यप्रांतात मोडत होता, त्या दिवसांत मालगुजाराच्या ओसरीवर भिंतीला टांगलेली दुनळी ही त्याच्या पगडीइतकीच त्याच्या दर्जाची निदर्शक होती, आणि एखादे मोठे साहेब दौऱ्यावर आले की ती भिंतीवरून उतरून जंगलात जाऊन येई. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि बंदुकीचा निम्मा रुबाब उतरला. उरलेला निम्मा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उतरवला. तत्पूर्वीच, १९७० साली, नागझिऱ्याचे अभयारण्य झाले होते. १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले. आणि २०१३ साली या दोहोंस मिळून व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा प्राप्त झाला, म्हणजे ज्या वाघासाठी बंदूक घेतली तो वाघ स्वतःच सरकारी बंदोबस्तात दाखल झाला. राहता राहिले रानडुक्कर. त्याच्यापासून धान वाचवावे म्हणून पीकसंरक्षणाचे परवाने दिले गेले खरे. परंतु ते डुक्कर मारण्यास कायदेशीररीत्या पात्र झाले आहे किंवा कसे, याचा खुलासा योग्य त्या अधिकाऱ्याकडून लेखी येईपर्यंत ते डुक्कर आपला कार्यभाग उरकून पुढच्या बांधीत गेलेले असते.

अशा रीतीने शिकार गेली, रुबाब गेला, डुकराचे प्रकरण टपालात अडकले. २०१९ च्या दुरुस्तीने एका इसमास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली, आणि निवडणूक जाहीर झाली की त्या दोहोंसही बहुधा ठाण्यात जमा व्हावे लागते. मग बंदुकीच्या वाट्याला स्वतःचे असे जे काही कर्तव्य उरले ते एकच, आणि ते म्हणजे स्वच्छ राहणे.

हे कर्तव्य तिच्याकडून कसोशीने करवून घेणारे एक सेवानिवृत्त सुभेदार आमचे शेजारी आहेत. त्यांच्यापाशी इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली तीनशे पंधराची रायफल आहे. थ्री नॉट थ्री ही लष्कराची मोजणी, ती रयतेच्या हाती पडू नये, म्हणून नागरिकांसाठी तेवढ्याच तोडीची पण किंचित रुंद नळीची ही निराळी आवृत्ती काढण्यात आली. तिच्यात लष्करी काडतूस बसणार नाही आणि तिचे काडतूस लष्करी बंदुकीत जाणार नाही, अशी ती खुबी आहे. सुभेदारसाहेबांनी ही रायफल शेवटची केव्हा झाडली याविषयी गावात एकवाक्यता नाही. ती शेवटची केव्हा पुसली याविषयी मात्र वाद संभवत नाही, कारण ती दर रविवारी सकाळी न्याहारीनंतर पुसली जाते, आणि पावसाळ्यात गुरुवारीही.

तो विधी पाहण्यासारखा असतो. प्रथम ओसरीवर सतरंजी अंथरली जाते. मग रायफलीचा कडी-कोयंडा, म्हणजे ज्याला पलटणीत बोल्ट म्हणतात तो, काढून बाजूला ठेवला जातो. मग पितळेची तेलाची कुपी, पुलथ्रूची दोरी आणि चिंद्या अशी आयुधे उजवीकडून डावीकडे मांडली जातात. या चिंद्या म्हणजे घरातील फाटक्या धोतराचे तुकडे असावेत अशी कोणा अनभिज्ञाची समजूत असेल, तर ती त्याने सुभेदारसाहेबांसमोर व्यक्त करू नये. कोरडी नळी पुसण्याची चिंदी चार इंच लांब व दोन इंच रुंद असते, तेल देण्याची चिंदी चार इंच लांब व दीड इंच रुंद असते, आणि या अर्ध्या इंचाच्या फरकावर साम्राज्ये उभी राहिली व टिकली असे त्यांचे मत आहे. दोरी नळीच्या मागच्या अंगाने आत सोडावयाची आणि तोंडाने ओढून घ्यावयाची. तोंडाकडून गज घालणारा मनुष्य त्यांच्या हिशेबी दरवाजा सोडून खिडकीतून घरात शिरणाऱ्यांपैकी होय. आणि यात तथ्यही आहे, कारण नळीच्या तोंडाची कड गजाने झिजली की गोळीची दिशा बिघडते. शेवटी अंगठ्याचे नख मागच्या बाजूला धरून त्यावर पडलेल्या उजेडात नळीचे अंतरंग न्याहाळले जाते. या क्षणी सुभेदारसाहेबांच्या मुखावर जी प्रसन्नता पसरते ती पाहून, उपनिषदांतील ऋषींना आत्मदर्शन झाले तेव्हा त्यांनी कोणते नख वापरले असावे, असा प्रश्न मनात उभा राहतो.

नळीला काहीतरी लावून ठेवावे, म्हणजे ती पुन्हापुन्हा पुसण्याचा त्रास वाचेल, ही कल्पना नवी नाही. आमच्या झाडीपट्टीत जवसाचे तेल मुबलक. ते बंदुकीच्या दस्त्याच्या लाकडाला लावले तर लाकूड तुळतुळीत होते, हे पाहून नळीनेच काय पाप केले आहे, असा उदार विचार काही मंडळींनी केला. जवसाचे तेल हवेत सुकून त्याचे रोगण बनते, हा त्याचा गुण लाकडाच्या हिताचा आणि नळीच्या मुळावर येणारा आहे, हे नळीत चिकट पिवळी साय धरल्यानंतर त्यांच्या ध्यानी आले. खोबरेल लावणाऱ्यांची फजिती निराळ्या ऋतूत झाली, कारण पौषात इकडे जी थंडी पडते तीत खोबरेल गोठते, आणि ज्या बंदुकीची नळी खोबऱ्याच्या वडीने भरली आहे ती बंदूक डुकराला फारशी भीतिदायक वाटत नाही.

परंतु नळीच्या लेपाने ज्यांची फजिती केली त्यांत आमचे गावकरी हे सर्वांत लहान होत. याच लेपापायी एका साम्राज्याचा पाया हादरला होता. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूस गोळीच्या बाजूने वंगणात बुडवलेले असे, ते एवढ्याचसाठी की गोळी पिळदार खाचांतून सुखाने उतरावी आणि काळ्या दारूची काजळी मऊ राहावी. नळी घट्ट बसू नये, तिची साफसफाई सोपी व्हावी, इतका निरुपद्रवी हेतू! परंतु ते वंगण कोणत्या जनावराच्या चरबीचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कंपनी सरकारच्या दप्तरात वेळेवर सापडले नाही, आणि १८५७ सालच्या मे महिन्यात मेरठेस जे झाले ते सर्वश्रुत आहे. बंदूक साफ ठेवण्याच्या नादात अख्खी कंपनी साफ झाल्याचे हे जगातील एकमेव उदाहरण असावे.

इंग्रजांनी यातून चरबीविषयी धडा घेतला, स्वच्छतेविषयी घेतला नाही. मेटफर्ड नावाच्या अभियंत्याने काळ्या दारूची काजळी कोपऱ्यांत साचू नये म्हणून नळीच्या खाचा उथळ आणि गोलसर केल्या, आणि १८८८ साली ली-मेटफर्ड रायफल सैन्याच्या हाती दिली गेली. आता पुसणाऱ्यांचे श्रम निम्म्यावर येणार इतक्यात धूर न करणारे कॉर्डाइट आले. काजळीचा प्रश्न सुटला, परंतु त्याच्या उष्णतेने त्या उथळ, सोज्ज्वळ खाचाच भराभर झिजू लागल्या, आणि १८९५ साली सरळ काटकोनी खाचांची ली-एनफिल्ड आणावी लागली. ज्या मळासाठी इतकी तजवीज केली तो मळ निघून गेला आणि तजवीज मात्र जळून गेली, असे प्रशासनात पुष्कळ वेळा घडते. येथे ते पोलादात घडले, एवढेच. त्यानंतरही काडतुसाच्या टोपीतील क्षाराचा उपद्रव राहिलाच. टोपीतील पोटॅशियम क्लोरेटचे जळाल्यावर मिठासारखे लवण बनते, ते हवेतील पाणी ओढून घेते आणि नळी आतून खाते. लवणावर तेल चालत नाही, पाणीच चालते; म्हणून सोजिरांना नरसाळे देऊन नळीत उकळते पाणी ओतण्यास सांगण्यात आले. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर पाणी ओतावे, ही आज्ञा पाळताना त्या सोजिरांची मनःस्थिती काय झाली असेल, ती सांगण्यास कोणी बखरकार शिल्लक नाही.

अमेरिकेने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने, म्हणजे उत्साहाने सोडवला. गोळीच्या आवरणातील धातू नळीला चिकटून बसतो म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील नेमबाज गोळीचे टोक दाट ग्रीसमध्ये बुडवून मग ती झाडीत. १९२१ साली गोळीवर कथलाचा मुलामा देऊन पाहिला. कथिल काडतुसाच्या गळ्याला आतून जडून बसले, त्यात ग्रीसची भर पडली, आणि नळीतील दाब असा वाढला की स्वच्छतेपेक्षा जीव प्रिय असल्याची जाणीव संबंधितांना झाली. यावरही कडी व्हिएतनामात झाली. तेथे धाडलेली एम-सोळा ही रायफल पुसावी लागत नाही अशी वदंता पसरली, आणि ती इतकी सोयीची होती की पुसण्याचे साहित्यच पुरेसे पाठवले गेले नाही; दारूची जात मध्येच बदलली, काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि दमट जंगलात ऐन लढाईत काडतुसे आत अडकू लागली. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली, मुलामा देण्यात आला, साहित्य धाडण्यात आले, आणि विल आयस्नर या प्रख्यात व्यंगचित्रकाराकडून बंदूक कशी पुसावी याची सचित्र पुस्तिका काढून घेण्यात आली. जिला पुसण्याची गरज नाही ती बंदूक कशी पुसावी हे शिकवण्यासाठी सरकारला चित्रकथा छापावी लागली, हा विनोद कोणत्याही विनोदी लेखकाच्या आवाक्यापलीकडचा आहे. आमच्या इन्सास रायफलीची नळी आतून क्रोमने मढवलेली असते. ती वापरणारा जवान तरीही रोज चिंदी ओढताना दिसेल, कारण क्रोमला गंज चढत नसला तरी हवालदाराला संशय चढतो.

हा सर्व इतिहास ठाऊक असल्यामुळे, सुभेदारसाहेबांचा नागपूरवासी भाचा, जो तिकडे एका रायफल क्लबात हौसेने जातो, गतवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आला आणि त्याने खिशातून अंगठ्याएवढी एक बाटली काढून सतरंजीवर ठेवली, तेव्हा मी सावरून बसलो.

“मामाजी, हे नळीच्या आतून लावायचं. काचेसारखा पातळ थर बसते. मग मळ चिकटत नाही, तांबं चिकटत नाही. एक चिंदी ओढली की झालं.”

“एक चिंदी?” सुभेदारसाहेबांनी विचारले. त्यांच्या स्वरात, पेन्शन अर्धी होणार असल्याचे ऐकणाऱ्या मनुष्याचे धैर्य होते. “अन् मग रविवारी काय करायचं, बापू?”

भाच्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, कारण तरुण पिढीला प्रश्नाचा रोख कळत नाही. त्याने बाटलीसोबतचे सूचनापत्रक उघडले आणि वाचू लागला. लेप लावण्यापूर्वी नळी पूर्णतः स्वच्छ असली पाहिजे. पूर्णतः म्हणजे नेहमीसारखी नव्हे. दारूची राख, शिसे, तांबे, जुने तेल, यांचा कणही न उरता खुद्द पोलाद उघडे पडले पाहिजे. त्यासाठी आधी विद्रावक, मग ब्रश, मग चिंदी, पुन्हा विद्रावक, आणि शेवटी सर्व तैलांश उडवून टाकणारे द्रव्य वापरावे. नंतर लेप द्यावा, तो मुरू द्यावा, आणि मग काही गोळ्या झाडून नळी तापवावी, म्हणजे तो पक्का होईल. आमच्याकडे जमीन झाडणे सोपे जावे म्हणून ती सारवतात, आणि सारवण्यापूर्वी ती कानाकोपऱ्यांतून झाडून घ्यावी लागते, हे ज्याने घरी पाहिले आहे त्याला या पाश्चात्त्य शोधातील तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. पुढे पुसावे लागू नये म्हणून आज इतके पुसावयाचे की तेवढ्यात आयुष्याचा कोटा संपावा, अशी ही योजना होती.

मला गोळ्या झाडण्याच्या कलमाने अधिक घोर लागला. काडतुसांचा कोटा परवान्यावर ठरलेला. घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद. आणि चारी दिशांना कोठे ना कोठे राखीव जंगल. अशा परिस्थितीत “नळीस लावलेला लेप वाळवणेकामी पाच गोळ्या हवेत झाडण्याची परवानगी मिळणेबाबत” असा अर्ज करावा, तर तो कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाईल, वनखात्याचा अभिप्राय मागवला जाईल किंवा कसे, आणि उत्तर येईपर्यंत लेपाची मुदत संपेल किंवा परवान्याची, याचा अदमास मी मनाशी बांधून पाहिला आणि भयभीत झालो.

भाच्याचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही मी म्हणणार नाही. ज्यांच्या गोळ्यांचे मोजमाप आठवड्याला शेकड्यांनी होते त्यांना असा लेप उपयोगी पडतो; तांबे कमी धरते, ब्रशाचे फेरे कमी होतात. गेल्या शतकाच्या अखेरीस मॉलिब्डेनमच्या भुकटीचे असेच वेड अमेरिकेतील नेमबाजांत पसरले होते, आणि तिच्या थराखाली ओल धरून नळी गंजते अशी तक्रार निघाल्यावर ते ओसरले; हे नवे लेप चिनी मातीच्या जातीचे असल्याने त्या दोषापासून मुक्त असावेत. आपल्या महाराष्ट्राला तर नेमबाजीच्या विद्येत अलीकडे मोठे यश लाभले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यातील, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. परंतु या खेळातील जाणती माणसे एक अशी गोष्ट सांगतात की जी मी सुभेदारसाहेबांपासून आजवर लपवून ठेवली आहे: घासूनपुसून लख्ख केलेल्या नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या ठरल्या जागी पडत नाहीत, आणि नळी पुन्हा किंचित मळेपर्यंत नेमबाज त्या गोळ्या हिशेबात धरीत नाही. म्हणजे आमच्या शेजारची रायफल, जी गेली कित्येक वर्षे अव्याहत लख्ख आहे, तिच्या नेमाविषयी शास्त्राचे मत काय पडेल हे उघड आहे. ते डुकराच्या कानी न गेलेले बरे.

सुभेदारसाहेबांनी सूचनापत्रक दोनदा ऐकून घेतले, आणि माझ्या अपेक्षेविरुद्ध संमती दिली. अट एकच: पत्रकात लिहिल्याप्रमाणे नळी निखळ पोलादापर्यंत स्वच्छ करण्याचे काम भाच्याने स्वहस्ते, परवानाधारकाच्या समक्ष, याच सतरंजीवर बसून करावे. भाचा आनंदाने बसला. त्याने अमोनियाचा विद्रावक आणला होता. त्या द्रवाने नळीतील तांबे विरघळते आणि चिंदी निळी होऊन बाहेर येते, आणि चिंदी पांढरी येईल तेव्हा तांबे संपले असे समजावयाचे. पहिली चिंदी निळी आली. दहावी निळी आली. दुपारच्या जेवणापर्यंत सतरंजीवर निळ्या चिंद्यांचा ढीग साचला, आणि ‘मामाजींनी इतकी वर्षं पुसलं काय?’ असा प्रश्न भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येऊ लागला. संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला आणि पुढल्या रविवारी नव्या चिंद्या घेऊन आला. त्याच्या पुढल्या रविवारीही आला.

मला शेवटी राहवले नाही. भाचा विहिरीवर हात धुवायला गेला असता मी सुभेदारसाहेबांना हळूच विचारले, की ज्या ब्रशाने पोरगा नळी घासतो तो तांब्याच्या मिश्रधातूचा आहे, गजाचे टोकही पितळेचे आहे, मग अमोनिया त्या ब्रशाचे आणि टोकाचेच तांबे विरघळवून चिंदी निळी करीत असेल, आणि असे असता ती पांढरी येणार तरी केव्हा?

सुभेदारसाहेबांनी आरामखुर्चीत पाय लांब केले. बंद बाटली त्यांच्या शेजारी खिडकीत उभी होती, आणि तिच्यावरची धूळ त्यांनी नुकतीच दोन इंची चिंदीने पुसलेली दिसत होती.

“मले पहिल्या दिवशीच समजलं होतं जी,” ते म्हणाले. “पण औषध चांगलं आहे. ते घरात आल्यापासून बंदूक पुसणं लय सोपं झालं.”